पत्र्यातून कापायची अक्षरे: सीएनसीसाठी देवनागरी फाइल तयार करताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण सोलापुरात फ्लेक्स आणि रेडियमची कामे करता आणि धातूच्या फलकाचे काम आपल्याकडे प्रथमच आले आहे. २ मिलिमीटर जाडीच्या एसएस (स्टेनलेस स्टील) पत्र्यातून ‘चादर व टॉवेल भांडार’ ही मराठी ओळ सुट्या अक्षरांत कापायची आहे आणि तिच्याखाली तेलुगू ओळ घ्यायची आहे. त्याच गिऱ्हाइकाला घराच्या फाटकासाठी एमएस (साधे पोलाद) पत्र्यात आरपार कोरलेली, मागून दिवा लागणारी पाटीही हवी आहे. कोरलड्रॉमध्ये केलेली आपली फाइल कटिंगवाल्याने दोनदा परत पाठवली: पहिल्यांदा ‘टेक्स्ट कर्व्हमध्ये नाही’ म्हणून आणि दुसऱ्यांदा ‘लाइनवर लाइन आहे, अक्षरे तुटतील’ म्हणून. पडद्यावर सारे नीट दिसत असताना चूक नेमकी कुठे आहे, असे आपण विचारले आहे.

कटिंगवाल्याचे दोन्ही आक्षेप बरोबर आहेत, आणि त्याने न सांगितलेल्या आणखी तीन-चार गोष्टी आपल्या फाइलमध्ये आहेत. फ्लेक्सच्या फाइलमध्ये आपण रंग कुठे लागणार एवढेच सांगत असतो. कटिंगच्या फाइलमध्ये मात्र सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने चालणाऱ्या, यंत्राने कोणत्या वाटेने चालायचे आणि चालून झाल्यावर पत्र्याचा कोणता भाग हातात राहायचा, हे सांगावे लागते. यंत्राला अक्षर दिसत नाही, त्याला फक्त रेघ दिसते. या विषयावर मिळणारे बहुतेक मार्गदर्शन रोमन अक्षरे डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असते. त्यात शिरोरेघ नसते, रफार नसतो, अनुस्वार नसतो. त्यामुळे ते तंतोतंत पाळूनही मराठी पाटी बिघडू शकते, आणि आपल्या बाबतीत तसेच झाले आहे.

पहिला आक्षेप सोपा आहे. मजकूर जोवर मजकूर म्हणून राहतो, तोवर तो फाँटवर अवलंबून असतो, आणि तो फाँट समोरच्या संगणकावर नसेल तर दुसराच फाँट लागतो. कीबोर्डवरच्या इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेल्या जुन्या, बिगर-युनिकोड फाँटमध्ये तर समोरच्याला रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचे कडबोळे दिसते. म्हणून कोरलमध्ये कंट्रोल-क्यू किंवा इंकस्केप या सॉफ्टवेअरमध्ये ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ ही आज्ञा देऊन अक्षरांच्या रेघा, म्हणजेच कर्व्ह, करून घ्याव्या लागतात. मात्र त्यापूर्वी मजकुराची एक प्रत मजकूर म्हणूनच वेगळी ठेवावी आणि शुद्धलेखन गिऱ्हाइकाकडून लेखी मान्य करून घ्यावे, कारण रेघा झाल्यावर ऱ्हस्व वेलांटीची दीर्घ करणे म्हणजे नव्याने सारे काम करणे होय.

दुसरा आक्षेप महत्त्वाचा आहे आणि तो खास आपल्या लिपीचा आहे. देवनागरी फाँटमध्ये शिरोरेघ ही सलग रेघ नसते. प्रत्येक अक्षराच्या आकृतीला तिच्या वाट्याचा शिरोरेघेचा तुकडा जोडलेला असतो, आणि शेजारच्या अक्षराशी फट राहू नये म्हणून तो तुकडा अक्षराच्या ठरलेल्या रुंदीबाहेर किंचित डोकावेल असा मुद्दाम ठेवलेला असतो. ‘चादर’ या शब्दात च, काना, द आणि र अशा चार आकृत्या आहेत. त्या तीन ठिकाणी एकमेकींवर चढलेल्या आहेत. पडद्यावर काळ्यावर काळे चढल्याने काहीच दिसत नाही. यंत्राला मात्र प्रत्येक चढावावर शिरोरेघ आडवी छेदणाऱ्या दोन रेघा मिळतात, आणि ते त्या इमानाने कापते. परिणामी ‘चादर’ हा एक शब्द न मिळता चार सुटी अक्षरे आणि मधल्या बारीक चकत्या हाती येतात. आपण रेडियमवर मराठी नावे कापली असतील तर शिरोरेघेवर अशा चिरा पडलेल्या आपण नक्की पाहिल्या असतील. तिथे चिकटवल्यावर त्या दिसत नाहीत, म्हणून चालून जाते. पत्र्यात चालत नाही. जुन्या बिगर-युनिकोड फाँटमध्ये हा त्रास दुप्पट असतो, कारण तिथे ग किंवा ण यांसारखे अक्षरही अर्धे अक्षर आणि काना असे दोन तुकडे जोडून उमटवलेले असते.

यावर उपाय ‘वेल्ड’, म्हणजे एकमेकींवर चढलेल्या आकृत्यांची एकच आकृती करणे, हा आहे. इंकस्केपमध्ये त्यालाच ‘युनियन’ म्हणतात. कोरलमधील ‘कंबाइन’ म्हणजे वेल्ड नव्हे, आणि ही गल्लत फार होते. कंबाइन केल्यावर जिथे दोन आकृत्या एकमेकींवर चढलेल्या असतात तिथे खिडकी पडते, म्हणजे शिरोरेघेत ओळीने बारीक चौकोनी भोके तयार होतात. आपल्या फाइलमधील दुसऱ्या प्रयत्नात नेमके हेच झाले आहे. म्हणून आधी ब्रेक अपार्ट (आकृतीचे भाग सुटे करणे) करू नये, अक्षरांची आतली पोकळी शाबूत ठेवून सरळ कर्व्ह करावे, एका शब्दाच्या सर्व आकृत्या निवडाव्यात आणि वेल्ड करावे. त्यानंतर दृश्य ‘वायरफ्रेम’वर न्यावे, म्हणजे भरलेला रंग जाऊन नुसत्या रेघा दिसतात. ‘टॉवेल’ या शब्दाला बाहेरची एकच अखंड रेघ, आत व च्या पोटाची एक रेघ आणि चंद्र सुटा असेल तर त्याची एक, इतक्याच रेघा दिसल्या पाहिजेत. त्याहून अधिक दिसल्या तर काहीतरी वेल्ड व्हायचे राहिले आहे असे समजावे. शिरोरेघेच्या दोन तुकड्यांची उंची केसभर जरी वेगळी असली, तरी वेल्डनंतर तिथे इवलीशी पायरी राहते, आणि यंत्र त्या पायरीवर अडखळून डाग पाडते. अशा ठिकाणी झूम करून जादाचे नोड (रेघेवरचे बिंदू) काढून टाकणे हे कंटाळवाणे काम आहे, पण त्याला पर्याय नाही. मी शिरोरेघ बहुधा पुसूनच टाकतो आणि संपूर्ण शब्दावर नव्याने एक सरळ आयत ठेवून वेल्ड करतो. भ, ध, थ यांच्या डोक्यावरची मोकळी जागा तेवढी आधी सांभाळतो.

एकदा वेल्ड नीट झाले की हीच शिरोरेघ आपली मोठी मदतनीस ठरते. रोमन ओळीत प्रत्येक अक्षर भिंतीवर वेगळे बसवावे लागते आणि ओळ वाकडी होते. मराठी शब्द मात्र एकसंध तुकडा म्हणून निघतो. फक्त लांब शब्दाला बारीक शिरोरेघ देऊ नये. दीड-दोन मीटरचा शब्द २ मिलिमीटर पत्र्याचा असेल आणि शिरोरेघ १० मिलिमीटरचीच असेल, तर तो टेंपोतून उतरवतानाच वाकतो. असा शब्द दोन भागांत कापायचा झाल्यास जोड दोन अक्षरांच्या मधोमध घ्यावा, अक्षराच्या अंगावर घेऊ नये.

आता सुटणाऱ्या भागांविषयी. आपल्या ओळीत ‘भांडार’मधील अनुस्वार आणि ‘टॉवेल’मधील चंद्र हे दोन भाग शिरोरेघेला टेकलेले नाहीत, त्यामुळे कापल्यावर ते सुटे पडणार. हॉटेल, हॉस्पिटल, डॉक्टर असे शब्द पाट्यांवर सतत येतात, म्हणून मराठीत ही अडचण रोजची आहे. यावर तीन मार्ग आहेत: सर्व अक्षरे मागच्या पत्र्यावर बसवणे, सुट्या भागाला मागून स्वतंत्र स्टड (भिंतीत बसणारा बारीक दांडा) देणे, किंवा त्याला बारीक देठ काढून शिरोरेघेला जोडणे. देठ मला आवडत नाही, कारण दुरून अनुस्वाराचे लोंबते फळ होते. चंद्राच्या बाबतीत मात्र तो दोन-तीन मिलिमीटर खाली सरकवून कान्याच्या माथ्यावर बसवला तर वाचनात काहीच फरक पडत नाही. तसे खुशाल करावे. लहान भागांचा आणखी एक धोका कापतानाच असतो. लेझरच्या टेबलावर पत्रा ज्या पट्ट्यांवर टेकलेला असतो, त्यांच्या फटीतून छोटा अनुस्वार खाली पडतो किंवा तिरपा होऊन वर उचलला जातो आणि कटिंग हेडला धडकतो. म्हणून अशा भागांना अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा टॅब, म्हणजे न कापलेला दुवा, ठेवायला ऑपरेटरला सांगावे. तो हाताने मोडून कानशीने साफ करता येतो.

फाटकाच्या पाटीचे गणित याच्या नेमके उलटे आहे. तिथे अक्षर म्हणजे पोकळी आणि उरतो तो पत्रा, म्हणजे रांगोळीच्या छाप्यासारखा प्रकार. छाप्यात जसे मधले बेट धरून ठेवायला पट्टी सोडतात, तसेच इथे प, म, य, व, ब, क, घ यांच्या पोटातील पत्र्याचे बेट बाहेरच्या पत्र्याशी पुलाने जोडावे लागते. पूल नसेल तर पोटे गळून पडतात आणि व च्या जागी एक बेढब भोक उरते.

पूल कुठे घ्यायचा, यावर मराठी पाटी वाचता येणार की नाही हे ठरते, आणि इथे मी स्वतः तोंडावर आपटलेलो आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका फाटकाच्या पाटीवर ‘घर’ हा शब्द होता. घ च्या पोटाला पूल द्यायचा म्हणून मी तो सोयीस्करपणे डाव्या बाजूला शिरोरेघेतच दिला. दिवसा कुणाच्या लक्षात आले नाही. रात्री मागचा दिवा लागला आणि शिरोरेघ तुटलेली असल्याने पाटी सरळ ‘धर’ अशी वाचली जाऊ लागली. गल्लीतल्या पोरांना तेवढे पुरेसे होते. म आणि भ यांच्यातही हाच नाजूक फरक आहे: म च्या डोक्यावरची रेघ डावीकडे तोडली की भ चा भास होतो. म्हणून नियम असा ठेवावा की घ, म यांसारख्या पूर्ण शिरोरेघेच्या अक्षरांच्या अंगावर शिरोरेघ कधीही तोडू नये. पूल अक्षराच्या खालच्या अंगाला, गोलाई जिथे दंडाला येऊन टेकते तिथे द्यावा. व, प, क यांना ती जागा आपसूक मिळते. म ला गाठीकडून दंडाकडे जाणाऱ्या आडव्या रेघेत मिळते. ब च्या पोटात तिरक्या रेघेमुळे दोन बेटे होतात. तिरक्या रेघेवर पूल दिला तर ती दोन बेटे एकमेकांना जोडली जातात, पण दोन्ही अधांतरीच राहतात, शिवाय रेघ तुटल्याने ब चा व होऊ लागतो. तेव्हा प्रत्येक बेटाला बाहेरच्या बाजूला स्वतंत्र पूल द्यावा.

शिरोरेघ मात्र दोन अक्षरांच्या मधे अवश्य तोडावी. आरपार पाटीत सलग शिरोरेघ म्हणजे पत्र्यातली एक लांब चीर असते. तिच्या वरचा आणि खालचा पत्रा केवळ दोन टोकांना जोडलेला राहतो, आणि प्लाझ्माच्या, म्हणजे तापलेल्या वायूच्या झोताने कापणाऱ्या यंत्राच्या, उष्णतेने त्या चिरेचे ओठ वरखाली होतात. दर एक-दोन अक्षरांनंतर सांध्यावर चार-पाच मिलिमीटरचा पूल ठेवला की पत्राही सपाट राहतो आणि वाचणाऱ्यालाही खटकत नाही, कारण हाताने अक्षरे सुटी लिहिण्याची सवय आपल्या डोळ्यांना आहे. मालाच्या गाठींवर मार्का मारण्याचे पत्र्याचे जुने छापे कुठे पाहायला मिळाले तर जरूर पाहावेत. छिन्नीने छापे कापणाऱ्या कारागिरांनी हे सारे कोणत्याही सॉफ्टवेअरशिवाय सोडवले होते.

पुलाची रुंदी आणि रेघेची जाडी पत्र्याच्या जाडीवर आणि यंत्रावर ठरते. फायबर लेझर कापताना साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटर धातू खातो. एअर प्लाझ्मा पातळ पत्र्यातही दीड मिलिमीटरच्या आसपास खातो आणि कड किंचित उतरती ठेवतो. या खाल्लेल्या रुंदीला कर्फ म्हणतात. तिची भरपाई ऑपरेटर आपल्या सॉफ्टवेअरमध्ये करतो, म्हणून आपण फाइलमध्ये खऱ्या मापाचेच अक्षर द्यावे. आपणही भरपाई केली आणि त्यानेही केली, तर अक्षर दुप्पट फुगते. अपवाद फक्त एकात एक बसणाऱ्या कामाचा, उदाहरणार्थ ग्रॅनाइटमध्ये बसवायचे पितळी अक्षर. तिथे किती सैलपणा ठेवायचा हे दोघांनी बोलून एकानेच करावे. लेझरसाठी अक्षराचा कोणताही भाग पत्र्याच्या जाडीपेक्षा बारीक नसावा, दीडपट ते दुप्पट असल्यास उत्तम. प्लाझ्मासाठी मी ३ मिलिमीटर पत्र्यात ५ मिलिमीटरपेक्षा अरुंद पूल आणि पत्र्याच्या जाडीच्या दीडपटीपेक्षा लहान भोक काढत नाही. आरपार अक्षराची रेघही फार बारीक नको, कारण प्लाझ्माला पत्रा भेदण्यासाठी आणि तिथून कडेकडे वळण्यासाठी टाकाऊ भागातच जागा लागते.

यावरून फाँटची निवडही ठरते. बोरूच्या वळणाचे, जाड-बारीक होत जाणारे फाँट लग्नपत्रिकेवर सुंदर दिसतात. पत्र्यात त्यांचे बारीक सांधे जळतात किंवा वाकतात. मुक्तासारखा जवळपास एकसारख्या जाडीचा युनिकोड फाँट, तोही ठळक वजनाचा, घ्यावा. ल आणि श मराठी वळणाचे आहेत की हिंदी वळणाचे, हे पाहून घ्यावे. कित्येक फाँटमध्ये दोन्ही वळणे असतात, परंतु सॉफ्टवेअरला भाषा मराठी असल्याचे सांगितल्याशिवाय मराठी वळण येत नाही.

आपण पाठवलेले बोधचिन्ह हे व्हॉट्सॲपवरून आलेल्या व्हिजिटिंग कार्डाच्या फोटोवरून ऑटो-ट्रेस केलेले, म्हणजे सॉफ्टवेअरकडून आपोआप रेघा काढून घेतलेले, दिसते. त्यातील नंदीध्वजाच्या (सिद्धेश्वर यात्रेतील उंच काठीच्या ध्वजाच्या) एका काठीवर मला दीडशेहून अधिक नोड मोजता आले. तिला खरे तर चार पुरतात. ऑटो-ट्रेस फोटोतील प्रत्येक ठिपक्याचा दात रेघेत उतरवतो, आणि यंत्र त्या प्रत्येक दातावर वेग कमी करून पुन्हा वाढवते. जिथे वेग कमी होतो तिथे उष्णता साचते आणि कड करवतीसारखी येते. असे चिन्ह फोटो खाली ठेवून हाताने नव्याने काढावे. वर्तुळ असेल तिथे खरे वर्तुळ घ्यावे, सरळ असेल तिथे दोनच नोड ठेवावेत, दोन्ही बाजू सारख्या असतील तर अर्धे काढून आरसा करावा. अणकुचीदार टोकांना अर्ध्या मिलिमीटरची गोलाई दिली की टोक जळत नाही आणि बसवणाऱ्याचा हातही कापत नाही. आणि नंदीध्वजाची काठी उंच असते हे खरे, पण २०० मिलिमीटर उंचीच्या चिन्हात २ मिलिमीटरची काठी टिकणार नाही. ती जाड करावी किंवा पार्श्वभूमीच्या पत्र्यावर नुसती मार्किंगने, म्हणजे आरपार न कापता, रेखावी. मार्किंगच्या रेघा वेगळ्या रंगात, वेगळ्या लेयरवर ठेवाव्यात. लाल म्हणजे कट आणि निळा म्हणजे मार्किंग असा जगन्मान्य नियम नाही. कोणता रंग कशासाठी हे त्या कटिंगवाल्याला विचारूनच ठरवावे.

रेघेविषयी दोन गोष्टी राहिल्या. कोरलमध्ये ‘आउटलाइन’ला दिलेली जाडी यंत्राला कळत नाही, आपण चिन्हाभोवती ६ मिलिमीटरची जाड चौकट दिली आहे, तिची यंत्राला एकच मधली रेघ दिसेल. कंट्रोल-शिफ्ट-क्यू करून त्या जाडीचे आकृतीत रूपांतर करावे. दुसरे, कॉपी-पेस्ट करताना एकावर एक बसलेल्या दुहेरी आकृत्या राहतात, आणि यंत्र तीच वाट दोनदा चालून कड जाळते. वायरफ्रेममध्येही त्या दिसत नाहीत. प्रत्येक आकृती निवडून किंचित हलवून पाहिल्याशिवाय सापडत नाहीत. रेघेची दोन्ही टोके जुळलेली नसतील तर आत कुठले आणि बाहेर कुठले हे सॉफ्टवेअरला ठरवता येत नाही, म्हणून प्रत्येक आकृती बंद असल्याचीही खात्री करावी.

फाइल डीएक्सएफ या कटिंगसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रकारात देताना मापाचा घोळ होतो. डीएक्सएफच्या आर १२ या जुन्या प्रकारात एकक नोंदवण्याची सोयच नाही. ६०० हा आकडा मिलिमीटर आहे की इंच हे उघडणाऱ्याने ठरवायचे, आणि चुकले की माप २५.४ पटीने बदलते. इतका मोठा फरक निदान लगेच दिसतो. एसव्हीजी या दुसऱ्या फाइल-प्रकारातला फरक जास्त फसवा आहे. इंकस्केप ०.९२ आवृत्तीपूर्वी एका इंचात ९० पिक्सेल धरत असे, त्यानंतर ९६ धरते. इलस्ट्रेटर ७२ धरतो. जुन्या इंकस्केपमधला ६०० मिलिमीटरचा शब्द नव्यात ५६२.५ मिलिमीटरचा होऊ शकतो, आणि तो नजरेला खटकतही नाही. भिंतीवर खुणा करून झाल्यावर मग कळते. म्हणून फाइलसोबत प्रत्येक ओळीची एकूण लांबी आणि उंची मिलिमीटरमध्ये लिहून द्यावी आणि ऑपरेटरला त्याच्या पडद्यावर मोजून कळवायला सांगावे. आर १२ मध्ये स्प्लाइन ही वक्ररेघही नसते. त्यामुळे निर्यात करताना वक्रांचे सरळ तुकडे होतात. ते फार ढोबळ ठेवले तर व चे पोट षट्कोनी दिसते, फार बारीक ठेवले तर ऑटो-ट्रेससारखाच दातांचा त्रास होतो. मूळ वक्र आणि सरळ तुकडा यांत ०.०५ मिलिमीटरच्या आसपासचा फरक पाटीच्या कामाला पुष्कळ झाला.

उंचीबद्दल गिऱ्हाइकाशी आधीच बोलावे. ‘६ इंची अक्षरे’ म्हणजे वेलांटीच्या माथ्यापासून उकाराच्या तळापर्यंत ६ इंच, की शिरोरेघेपासून दंडाच्या पायापर्यंत? पहिल्या अर्थाने धरले तर अक्षराचे अंग निम्म्याहून थोडेच अधिक उरते, आणि शेजारच्या दुकानाच्या ६ इंची इंग्रजी पाटीपुढे आपली पाटी बारकी दिसते. मी माप नेहमी शिरोरेघ ते पाया असे लिहून घेतो. दुकानांच्या कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनुसार मराठी देवनागरी मजकूर आधी आणि इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसलेला असावा लागतो, त्यामुळे तेलुगू ओळीची उंची ठरवतानाही हे अंगाचेच माप लावावे.

तेलुगू ओळीबाबत आपण काही विचारलेले नाही, पण तीच जास्त काम काढेल. तेलुगूला शिरोरेघ नाही. प्रत्येक अक्षर सुटे निघणार आणि जोडाक्षराचा खाली लिहिलेला भागही पुष्कळदा सुटाच असणार, म्हणजे स्टडची संख्या मराठी ओळीच्या कितीतरी पट होणार. तिच्यातील सुन्ना, म्हणजे तेलुगू अनुस्वार, हे पूर्ण वर्तुळ आहे. सुट्या अक्षरांत त्याला स्टड लागतो, आरपार पाटीत त्याचे पोट गळून पडते. मी अशा ओळीसाठी मागे एक सलग पट्टी देतो आणि अक्षरे तिच्यावर बसवतो. सोलापूरच्या पूर्व भागात अशा पाट्या बारकाईने वाचणारे पावलोपावली भेटतात, त्यामुळे ज्याची मातृभाषा तेलुगू आहे अशा माणसाकडून छापील प्रत वाचून घेतल्याशिवाय त्या ओळीचे कर्व्ह करू नयेत.

बसवण्याची भोके हाही फाइलचाच भाग आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० च्या पुढे जातो, आणि पश्चिमेकडे तोंड असलेल्या दुकानावरचा पत्रा त्याहून कितीतरी तापतो. हिवाळ्यातील पहाट आणि वैशाखातील दुपार यांत पत्र्याच्या तापमानात ५० अंशांचा फरक धरला, तर ३ मीटर लांबीचा ३०४ प्रतीचा एसएस पत्रा सुमारे अडीच मिलिमीटर आणि ॲल्युमिनियमचा सुमारे साडेतीन मिलिमीटर वाढतो. दोन्ही टोकांना गोल भोके देऊन करकचून आवळलेला असा पत्रा मधोमध फुगतो. म्हणून मागच्या पत्र्यात मधले एकच भोक गोल ठेवावे आणि बाकीची आडवी लांबट काढावीत. ६ मिलिमीटरच्या बोल्टसाठी ७ बाय १२ मिलिमीटर पुरते. स्टड लावायचे असतील तर त्यांच्या जागा त्याच फाइलमध्ये वेगळ्या लेयरवर दाखवाव्यात आणि तीच फाइल खऱ्या मापात कागदावर छापून भिंतीवर ड्रिल करण्यासाठी वापरावी. फ्लेक्सचे यंत्र आपल्याकडेच असल्याने हा खर्च आपल्याला नगण्य आहे.

वेग, गॅसचा दाब, कापण्याची दिशा हे ऑपरेटरवर सोडावे. सांगायचे ते एवढेच की एसएसची कड समोरून दिसणार असल्याने नायट्रोजनवर कापावे, ऑक्सिजनने ती काळी पडते. पत्रा हेअरलाइन फिनिशचा, म्हणजे एकाच दिशेने बारीक रेघा असलेला, असेल तर त्याच्या रेघा सर्व अक्षरांत एकाच दिशेने आल्या पाहिजेत. जागा वाचवण्यासाठी नेस्टिंगमध्ये (पत्र्यावर तुकडे मांडताना) एखादा शब्द ९० अंशांत फिरवला, तर बसवल्यावर तो वेगळ्याच पत्र्याचा असल्यासारखा चमकतो. ‘शब्द फिरवू नयेत’ हे फाइलच्या नावातच लिहिलेले बरे, कारण सोबतचा निरोप ऑपरेटरपर्यंत पोहोचेलच असे नाही.

आपल्या फाइलमध्ये तूर्त मराठी ओळ वेल्ड करणे, बोधचिन्ह नव्याने काढणे आणि फाटकाच्या पाटीतील पूल खाली आणणे ही तीन कामे आधी करावीत; एक संध्याकाळ पुरेल. स्टडच्या जागा खुणावण्यापूर्वी ‘भांडार’वरील अनुस्वार गोल ठेवायचा की चौकोनी, हे मात्र ठरवून घ्यावे. गोल असेल तर त्याला एकच स्टड चालतो. चौकोनी असेल तर दोन द्यावे लागतात, नाहीतर पहिल्याच वळवाच्या वाऱ्यात तो फिरतो आणि पाटीकडे पाहणाऱ्या प्रत्येकाची नजर आधी त्याच्यावर जाते.